कुंकू लावलेली सीडी

“आधी एकदा ‘फलाट क्रमांक तीन’ म्हणू का, सर? माइक म्होरं आला की माज्या तोंडातनं दुसरं कायबी निघत न्हाई बगा.”

“म्हणा की, तात्या. मशीनला सगळं सारखंच.”

शिवराम गुरवांनी खुर्चीत पाठ ताठ केली, डावा हात कानामागं नेला आणि माझ्या दहा बाय बाराच्या कॉम्प्युटर क्लासमधून विटा-आटपाडी गाडी सोडली, भिवघाटमार्गे. प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी म्हणून बजावलं. रस्त्यानं चाललेली एक बाई थबकली आणि आत डोकावून हसली. विट्यात तो आवाज ओळखत नाही असं माणूस नव्हतं. तात्यांनी सत्तावीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली होती, आणि ड्यूटी नसेल तेव्हा ते कुणाच्या तरी लग्नात मंगलाष्टका म्हणत असायचे. पत्रिका छापायला टाकण्याआधी तात्यांना तारीख विचारून यायची पद्धतच पडली होती. भटजी दुसरा मिळतो, तात्या दुसरा मिळत नाही, असं लोक म्हणायचे.

त्या आवाजाचे आता तीन आठवडे उरले होते. घशाचं दुखणं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल, काढलं तर माणूस वाचेल. ऑपरेशन फाल्गुनात ठरलं आणि उज्ज्वलाचं लग्न वैशाखात. उज्ज्वला ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिची आई ती सातवीत असताना गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. स्थळ गलाईवाल्यांचं होतं. आमच्या भागातली निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली. जावई सेलमला, तिकडं तमिळनाडूत. लग्न ऑपरेशनच्या आधी उरकून घ्या, असं तात्यांना चार लोकांनी सुचवलं. पण मुलाचे आजोबा वारलेले, त्यांचं वर्षश्राद्ध झाल्याशिवाय घरात कार्य नको, असं त्या मंडळींचं म्हणणं पडलं.

“गावच्या शेकड्यानं पोरी माज्या आवाजावर बोहल्यावर चढल्या,” तात्या पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, “आन् माज्या उजूच्या टायमाला मी मुका हुबा ऱ्हाणार. ते काय मनाला पटंना, सर. तुमचं मशीन कायतरी करंल का बगा.”

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. गावात सीडीवर आवाज उतरवायचा रायटर पहिल्यांदा माझ्याकडं आला होता आणि त्याचा मला भारी तोरा होता. आपण या माणसाचा आवाज वाचवणार, या कल्पनेनं माझीच छाती फुगली. सकाळची बॅच मी पंधरा दिवस बंद ठेवली.

सकाळचीच वेळ धरावी लागायची. उठल्यावर तासभर तात्यांचा घसा मोकळा असायचा, मग त्यावर खरखर चढायची. ते येताना बाटलीत ज्येष्ठमधाचं पाणी घेऊन यायचे. मी पंखा बंद करायचो, दार लावायचो, फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवायचो. आम्ही दोघं घामानं भिजायचो. एक कडवं जमून येतंय म्हणेपर्यंत बाहेर ट्रकचा हॉर्न वाजायचा, नाहीतर तात्यांनाच खोकल्याची उबळ यायची.

मंगलाष्टका त्यांनी स्वतः रचल्या होत्या, पाच. चार नेहमीच्या धर्तीच्या, देवांची आणि दोन्ही घराण्यांची नावं गुंफलेल्या. पाचवी मात्र तशी नव्हती. ती सुरू व्हायची अशी: ‘माझी पोर निघे घरास अपुल्या, डोळ्यांत पाणी नको.’

ही ओळ त्यांना सरळ म्हणता येईना. ‘पाणी’ला आले की आवाज चिरकायचा. दुखण्यानं चिरकतोय की दुसऱ्या कशानं, हे मी विचारलं नाही. चार सकाळी त्या एका ओळीत गेल्या. पाचव्या सकाळी ती आली आणि अशी आली, की मी माउसवर हात ठेवून तसाच बसलो, रेकॉर्डिंग थांबवायचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

“काय ओ सर, बंद करा की,” तात्या म्हणाले. त्यांना स्वतःला कळलं होतं की जमलं.

अकराव्या दिवशी ते म्हणाले, “आता एक शेवटचं हाय. तेला तुमी भाईर थांबा.”

“म्हणजे? चालू-बंद कोण करणार?”

“दावून ठेवा मला. लाल टिकली दाबायची आन् मग चौकोन दाबायचा, एवढंच का न्हाई? सत्तावीस वर्सं माइकचं बटन दाबलंय मी.”

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दारातून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. मंगलाष्टकेचा सूर नव्हता, स्टँडवरचाही नव्हता. घरात माणूस बोलतो तसं काहीतरी, मध्ये थांबून, पुन्हा सुरू होऊन. वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. तात्यांचे डोळे लाल होते.

“ही सहावी उजूची. लगीन झाल्यावर तिला द्यायची. आदी बोलायचं न्हाई,” ते म्हणाले. “तिकडं सेलमला जाऊन पडणार. हितनं फोन लावला तर मी काय बोलनार तिच्याशी? मनून सगळं बोलून ठिवलंय. तुमीबी ऐकू नका.”

“नाही ऐकणार, तात्या.”

ऐकलं नाही मी. शब्द पाळला. एवढा एकच पाळला.

आता सीडीचं सांगतो. आवाजाच्या फाइली मशीननं आपोआप कुठल्या तरी आतल्या फोल्डरमध्ये साठवल्या होत्या. तात्यांना रोज आदल्या दिवसाचं ऐकून बघायचं असायचं, आणि तेही स्वतःच्या हातानं लावून. त्यांना सारखं आतपर्यंत घेऊन जायला नको, म्हणून मी समोरच पडद्यावर ‘TATYA’ नावाचं फोल्डर करून ठेवलं होतं आणि त्यात प्रत्येक फाइलीचा शॉर्टकट टाकला होता. टिचकी मारली की आवाज सुरू. शॉर्टकट केला की कॉम्प्युटर त्याच्या नावाआधी आपणहून ‘Shortcut to’ असं लिहितो. तात्यांनी जुन्या मॅट्रिकच्या इंग्रजीवर ते वाचून काढलं.

“ह्ये काय ओ, सर? ‘शॉर्टकट टू मंगल’?”

“ते असंच येतं, तात्या.”

“छ्या! मंगलकार्यात शॉर्टकट कसला? भटजीनं शॉर्टकट मारला तर मानसं मांडवातच नावं ठेवत्यात. काढा ते.”

मी हसलो. सहाच्या सहा नावांतून ते शब्द पुसून टाकले. ‘मंगल १’, ‘मंगल २’ अशी स्वच्छ नावं राहिली, आणि सहाव्याचं नाव ‘उजू’. तात्या खूश झाले.

ऑपरेशनला जायच्या आदल्या सकाळी ते सीडी न्यायला आले. कोरी सीडी मी त्यांच्यासमोर डबीतून काढली. त्यांनी ती दोन बोटांनी कडेनं धरली, आरशात बघावं तसं त्यात आपलं तोंड बघितलं आणि परत दिली.

“आता ही बर्न करायची,” मी म्हणालो.

“बर्न म्हंजे जाळायची न्हवं?”

“तसंच म्हणतात. लेसरचा किरण असतो, त्यानं आतल्या थरावर जाळून लिहितात. म्हणून मग ते पुसलं जात नाही.”

“जाळल्याबिगर कायम हुईत न्हाई म्हना की,” तात्या म्हणाले आणि हसले. त्या हसण्याला आवाज कमी आणि वारा जास्त होता.

मी ‘TATYA’ फोल्डर उचललं आणि रायटरच्या खिडकीत टाकलं. ट्रे आत गेला, सीडी घरघरली, पट्टी सरकली आणि मिनिटाभरात ट्रे बाहेर आला.

“झालंबी?” तात्यांनी विचारलं. “अकरा दिसाचं काम एका मिनटात?”

“बावन्न एक्सचा रायटर आहे, तात्या! अख्ख्या सांगली जिल्ह्यात असे चार असतील.”

एरवी मला पाच-सहा मिनिटं लागायची, हे मला त्या वेळी आठवायला हवं होतं. पण स्वतःची फुशारकी कानात घुमत असली की दुसरं काही ऐकू येत नाही. तरी मी तपासून बघितलं बरं का. सीडी परत आत घातली, उघडली, एकेक फाइल लावली. पाचही कडवी खणखणीत वाजली. सहावी मी नुसती सुरू करून लगेच बंद केली. तात्यांनी समाधानानं मान डोलावली, सीडी स्वच्छ रुमालात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. माझ्या पाठीवर हात ठेवला. “सर, आता डॉक्टरांनी बेलाशक काढावं काय काढायचंय ते,” म्हणाले. त्यांच्या तोंडचं मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

पुढं चैत्रात माझ्या त्या मशीनला व्हायरस लागला. दर पाच मिनिटांनी बंद पडायचं. मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या. मी सगळी डिस्क पुसून काढली, फॉरमॅट मारला आणि नव्यानं सगळं बसवलं. पुसताना तात्यांच्या फाइलींची आठवण झाली होती मला. पण तात्यांची सीडी तात्यांकडं होती.

लग्नाला आठ दिवस राहिले असताना बापलेक सकाळी क्लासमध्ये आली. कार्यालयातल्या साध्या प्लेअरवर वाजेल अशी वेगळी ऑडिओ सीडी मी करून द्यायची, असं आमचं आधीच ठरलं होतं. तात्या निम्मे झाले होते. गळ्याला पांढरं फडकं बांधलं होतं आणि श्वास घेताना ते फडकं आत-बाहेर व्हायचं. खांद्याला शबनम पिशवी, तिच्यात शाळेतल्या पोरांची असते तशी पाटी, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल आणि ओलं फडकं. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘सर, बरे आहात ना?’ बोलताना गावरान बोलणारा हा माणूस लिहिताना पुस्तकी लिहायचा.

उज्ज्वला मात्र उजळली होती. “सर, कार्यालयाच्या लाउडस्पीकरवाल्याला सांगून ठेवलंय मी,” ती म्हणाली. “भटजींनाबी सांगितलंय, तुम्ही नुसते विधी करा, अष्टका तात्यांच्या. सगळ्या गावाला ठाऊक झालंय. मी एकदाबी ऐकल्या नाहीत बघा अजून. तात्यांनी ऐकूच दिल्या नाहीत.”

तात्यांनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून सीडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी ती घेऊन ट्रेमध्ये ठेवली.

सहा नावं पडद्यावर आली; पडद्याचं तोंड माझ्याकडं होतं, उज्ज्वलाला ती दिसत नव्हती. मी ‘मंगल १’वर टिचकी मारली. आवाज आला नाही. एक लहानशी खिडकी उघडली आणि तिच्यात एक बॅटरी इकडून तिकडं फिरायला लागली, अंधारात काहीतरी शोधत असल्यासारखी. फाइल सापडत नाही, अशी पाटी आली. ‘मंगल २’. पुन्हा बॅटरी. मग मी त्या चित्रांकडं नीट बघितलं. सहाही चित्रांच्या डाव्या कोपऱ्यात एकेक बारका वाकडा बाण होता.

मी सीडीवर आवाज जाळलाच नव्हता. शॉर्टकट जाळले होते.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शॉर्टकट म्हणजे फाइल नव्हे, फाइलीचा पत्ता. त्या दिवशी सीडी वाजली, कारण मशीन तेच होतं. पत्ता सीडीवर आणि आवाज माझ्या डिस्कवर. शेजारीच दुसरा कॉम्प्युटर होता. त्यात एकदा घालून बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. आणि मी हे मुलांना तिसऱ्याच दिवशी शिकवायचो: कोपऱ्यात बाण दिसला तर तो शॉर्टकट, तो कॉपी करून घरी नेऊ नका, घरी काही उघडणार नाही. परीक्षेला दरवेळी प्रश्न काढायचो त्यावर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पत्ता तेवढा शिल्लक होता, आणि घर मी चैत्रात स्वतःच्या हातानं पाडलं होतं.

“सर, वाजत का नाही?” उज्ज्वलानं विचारलं.

मला भीती वाटली. दुसरं काही नाही, निव्वळ भीती. काहीतरी करायचं म्हणून मी ट्रे उघडला, सीडी बाहेर काढली आणि उलटी करून बघितली.

चकचकीत बाजूवर हळदीचं एक बोट होतं आणि त्याच्यावर कुंकवाचं एक. बोट किंचित ओढलेलं, सुकून खपली धरलेलं.

घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावायचं, ही आमच्याकडची रीत. सायकलीला लावतात, मिक्सरला लावतात, माझ्या तिन्ही कॉम्प्युटरांना माझ्या आईनं लावलं होतं. तात्यांनी सीडी देवघरात ठेवली होती आणि पाडव्याला तिची पूजा केली होती. चमकते ती समोरची बाजू, असा त्यांचा साधा हिशेब. ते कुंकू मी हातात धरून बघत होतो आणि तात्या माझ्या तोंडाकडं बघत होते. मग त्यांची नजर कुंकवावर गेली. मी काही बोलायच्या आधीच त्यांचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईनं पाटी ओढली. पेन्सिल करकरली.

‘मी लावले. पाडव्याला.’

“त्यानं बिघडली का, सर?” उज्ज्वला म्हणाली.

इथं मी ‘नाही’ म्हणायचं होतं. एवढाच प्रसंग आहे हा. कुंकू पुसता येतं, सीडीला काही होत नाही, हे माझ्याइतकं त्या गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

“असू शकतं,” मी म्हणालो.

“असू शकतं म्हंजे?”

“म्हणजे... हो. लेसरला आड येतं ते.” आणि एकदा तोंड उघडल्यावर मी अगदी मास्तरासारखं समजावून सांगायला लागलो. किरण कसा जातो, थर किती नाजूक असतो, कुंकवात चुना असतो तो थर कसा खातो. यातलं शेवटचं तर मी तिथल्या तिथं रचलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. दुसऱ्याचं अंगण वाकडं करायला किती कमी वेळ लागतो, हे तेव्हा कळलं.

“मग तुमच्या कॉम्प्युटरवर असतील की, सर!”

“व्हायरस आला होता. सगळं पुसावं लागलं. सीडी दिलेली होती, त्यामुळे...”

हे खरं होतं. त्यामुळे ते म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

उज्ज्वला खुर्चीवर बसली. मग ती एकदम बापावर उसळली. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला, तात्या? सगळ्यात मेलं हळदकुंकू! विचारायचं तरी सरांना! आता काय करायचं? काय वाजवणार आहात तिथं?” आणि ती ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला. ते तसेच उभे राहिले. गळ्याचं फडकं जोरजोरानं आत-बाहेर होत होतं. मग त्यांनी पाटी उचलली, तिच्याकडं पाठ केली आणि मला एकट्याला दिसेल अशी धरून एकच शब्द लिहिला.

‘सहावी?’

मी मान हलवली. नाही.

“काय सहावी? काय लिहिलंत?” उज्ज्वलानं डोळे पुसत विचारलं. तात्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली. नंतर कितीतरी वेळ पुसत राहिले.

पुढचे तीन दिवस मी काय केलं नाही ते विचारा. डिस्क काढून कराडला नेली, तिथून कोल्हापूरला. कोल्हापूरच्या माणसानं दोन तास बसून सांगितलं की फॉरमॅटवर इतकं काही चढवलंय की खालचं आता मिळायचं नाही. परतीच्या गाडीत मी ठरवलं, उतरल्या उतरल्या तात्यांच्या घरी जायचं आणि सांगून टाकायचं. स्टँडवर उतरलो तर तात्यांच्या जागेवरचा नवा कंट्रोलर चहा पिता पिता कुणाला तरी सांगत होता, “तात्यानं सीडीला कुंकू लावलं म्हनं! लगीन लावतंय का काय सीडीचं!” सगळे हसले. गोष्ट माझ्याआधी गावात पोचली होती आणि तिच्यात माझं नाव कुठंच नव्हतं. मी घरी गेलो.

लग्न लागलं. भटजींनी मंगलाष्टका म्हटल्या, पुस्तकातल्या. लोकांनी अक्षता टाकल्या. तात्या नव्या धोतरात, नवा रुमाल गळ्याला बांधून बोहल्याशेजारी उभे होते. दुसऱ्या कडव्यापासून त्यांचे ओठ हलायला लागले. भटजी म्हणत होते ते कडवं नव्हतं ते. ओठांचा मेळ बसत नव्हता. मी चौथ्या रांगेत होतो आणि ते आपलंच म्हणतायत, हे मला कळत होतं. उज्ज्वलानं एकदाही वळून बघितलं नाही. पाठवणीच्या वेळी ती मामाच्या गळ्यात पडून रडली, मावशीच्या पडून रडली. बापाला वाकून नमस्कार केला आणि “जाते” एवढंच म्हणाली. तिचा राग नंतर निवळला म्हणे. शेजाऱ्यांकडं तिचा फोन यायचा. ती बोलायची, तात्या ऐकायचे आणि रिसीव्हरवर नखानं टकटक करायचे. दोन वर्षं त्यांनी अशी टकटक केली, मग गेले. या सगळ्याला आता बावीस वर्षं झाली. सहाव्या फाइलीत काय होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. असं काही होतं, हेसुद्धा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

पण मला सांगायचं होतं ते लग्नानंतरच्या पाचव्या दिवसाचं.

दुपारची बॅच नुकतीच सुटली होती. मी एकटाच होतो. तात्या आले. हातात लग्नातल्या बुंदीच्या लाडवांचा पुडा होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. ते बसले नाहीत. मी खुर्ची पुढं केली तरी उभेच राहिले. शबनममधून पाटी काढून त्यांनी सावकाश लिहिलं, आणि माझ्याकडं फिरवली.

‘माझ्यासाठी अकरा दिवस खपलात. सकाळचा वर्ग बंद ठेवलात. मी सगळे वाया घालवले.’

मी वाचलं. त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

‘लग्नाच्या गडबडीत तोंड दाखवायचे धाडस झाले नाही. राग धरू नका. मला माफ करा.’

पाटी छातीशी दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले. शाळेतला मुलगा मास्तरांपुढं उभा राहतो तसे. क्लासमध्ये तिसरं माणूस नव्हतं. खरं सांगायला चार शब्द पुरले असते, आणि आम्हा दोघांत आवाज माझ्याकडं होता. मी तोंड उघडलं. ते माझ्या ओठांकडं बघत होते.

“असू द्या, तात्या,” मी म्हणालो. “माणसाकडनं चूक होतेच.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी पाटी टेबलावर ठेवून मला हात जोडले. मी त्यांना माफ केलं होतं.